सुट्टीतलं ताट

प्रश्न : मॅडम, आम्ही मानेवाड्याला राहतो. माझ्याकडे धुणीभांडी करणारी बाई एरवी एकटी येते. मे लागल्यापासून तिची दोन्ही पोरं सोबत असतात. मुलगी आता पाचवीत जाईल, मुलगा दुसरीत आहे. आमचं काम आटोपून ती आणखी चार घरी जाते आणि पोरं आमच्या पार्किंगच्या सावलीत दुपारपर्यंत बसून राहतात. परवा खालच्या आजींनी गाईसाठी कठड्यावर पोळी ठेवली होती. मुलाने इकडेतिकडे पाहिलं, पोळी उचलली, चार घड्या केल्या आणि खिशात घातली. खाल्ली नाही. मी खिडकीतून पाहत होते, पण त्याला हाक मारायचा धीर झाला नाही.

आम्ही आठ बायकांनी ठरवलं आहे, रिंग रोडपलीकडच्या त्यांच्या वस्तीतल्या वीसेक मुलांना शाळा उघडेपर्यंत खाऊ घालायचं. कुणी म्हणतं घरोघरचं उरलेलं गोळा करू, कुणी म्हणतं बिस्किटांचे पुडे वाटू. माझे मिस्टर म्हणतात, सवय लागेल, मग तुम्ही कुठवर पुरणार? बाईला वाईट वाटेल ही धास्ती वेगळीच. आणि सरकारचं काही नसतं का हो या दिवसांत?
– एक वाचक, नागपूर

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या खिशापाशी थांबले. नुसतं स्वतःपुरती भूक लागलेलं पोरगं पोळी तिथेच तोंडात घालतं. याने घडी करून ठेवली, म्हणजे त्याच्या मनात आणखी कुणीतरी होतं. बहुतेक पार्किंगमध्ये बसलेली बहीणच. हे मूल उपाशी आहे आणि त्याला वाटून खायचंही कळतं. तुम्ही जे काही कराल, ते अशा मुलासाठी करताय हे धरून चला.

आधी हे सांगते की तुम्ही पाहिलंत ते एकट्या त्या घरातलं नाही. मी बावीस वर्षं नागपुरात शिकवलं. दर जूनमध्ये पहिल्या आठवड्यात वर्गात एक गोष्ट दिसायची. सुट्टीत पोरांची उंची वाढलेली असायची, चड्डी गुडघ्याच्या वर गेलेली असायची, पण कंबरेत तीच चड्डी ढिली झालेली. कुणाच्या आईने सुतळी ओवून दिलेली, कुणी एका हाताने धरून फळ्यापाशी यायचं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मला वाटायचं, उन्हाळ्यात पोरं हुंदडतात, म्हणून वाळतात. मग एकदा एका मुलीला सहज विचारलं, सुट्टीत काय काय खाल्लं? आंबा, कुल्फी असलं काही सांगेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "सकाळी चहा-टोस, मग संध्याकाळी आई आली की भात." मधली दुपार तिच्या उत्तरात नव्हतीच.

ती मधली दुपार शाळा भरून काढत होती. शालेय पोषण आहार म्हणजे पोरांच्या तोंडी खिचडी, ताटात मसालेभात असो की उसळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या ताटाचं माप ठरवून दिलंय : पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं. वाढत्या मुलाच्या दिवसभराच्या खाण्यातला हा मोठा वाटा आहे. पण त्याच कायद्यात लिहिलंय की हे जेवण शाळेच्या सुट्टीचे दिवस सोडून. आणि आपल्या विदर्भात सुट्टी बाकी महाराष्ट्रापेक्षा लांब. उन्हामुळे आपल्या शाळा उशिरा उघडतात; २०२५ मध्ये तिकडे १६ जूनला उघडल्या, इकडे २३ जूनला. पत्र्याखालच्या वर्गात पोरं भाजून निघू नयेत म्हणून हा निर्णय बरोबरच आहे. मात्र त्या वाढीव आठवड्याचं ताट कुठून येणार, हे कुणी विचारत नाही.

त्यात मे महिना गरिबाच्या घरी कमाईचाही पडता काळ. पारा ४५ च्या वर गेला की नाक्यावरच्या मजुराचं काम अर्ध्या दिवसावर येतं. काही कुटुंबं तेंदूपत्ता तोडायला गोंदिया-गडचिरोलीकडे जातात आणि म्हातारीपाशी एक-दोन पोरं सोडून जातात. आणि धुणीभांडी करणाऱ्या बायांचं काय होतं, ते आपल्याला नीट माहीत आहे, कारण ते आपणच करतो. आपण पंधरा दिवस गावाला जातो आणि तेवढ्या दिवसांचा खाडा कापतो. तिने रजा घेतलेली नसते, आपण दार बंद केलेलं असतं. ज्या महिन्यात पोरांचं शाळेतलं जेवण थांबतं, नेमका त्याच महिन्यात तिचा पगारही घटतो.

म्हणून पहिलं काम वस्तीतलं नाही, तुमच्या बिल्डिंगमधलं आहे. तुम्ही आठ जणी आहात. आठही घरांनी मे आणि जूनचा पूर्ण पगार द्यायचा, गावाला गेलात तरी. हे आधी करा. एका हाताने खाडा कापून दुसऱ्या हाताने खिचडी वाढली, तर त्या बाईला ते दिसतं. ती बोलणार नाही, पण तिला दिसतं.

आता तुमच्या बाईचं. वाईट वाटेल का? पोरांना परस्पर हाक मारून हातात काही दिलंत तर वाटेल. आईला न विचारता पोराला खाऊ घालणं म्हणजे तू पुरी पडत नाहीस असं तिच्या तोंडावर सांगणं. म्हणून आधी तिला विचारा, ती एकटी असताना, ओट्यापाशी उभ्या उभ्या. असं काहीतरी म्हणा : "पोरं खाली उन्हात बसून राहतात, वर कुलरमध्ये येऊ दे. मी साडेअकराला जेवते, माझ्यासोबतच जेवतील. चालेल ना तुला?" पहिल्या दिवशी ती म्हणेल, "राहू द्या ताई, खाऊनच आली पोरं." हे उत्तर प्रत्येक आई देते. मन खट्टू करून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. पोरं आली की तुम्ही ज्या ताटात जेवता त्याच ताटांत वाढा आणि तुम्हीही सोबत बसा. वेगळी काढून ठेवलेली वाटी, दाराबाहेर दिलेला द्रोण, हे त्या मुलीला लगेच कळेल. पाचवीतल्या मुलीला सगळं कळतं.

आणखी दोन गोष्टी. जेवल्याच्या बदल्यात त्या मुलीला "जरा झाडू मारून दे" म्हणू नका, ती आपणहून उठली तरी. चौदा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याच्या घरी कामाला लावणं कायद्याने गुन्हा आहे, पण तेही सोडा. तिच्या लेखी मग ते जेवण मजुरी होऊन बसेल. आणि गाईच्या पोळीची गोष्ट तिच्या आईजवळ काढू नका. आज नाही, पुढेही नाही.

आता वस्तीतल्या वीस मुलांकडे येते. उरलेलं गोळा करायचा विचार सोडून द्या. आठ घरची आठ प्रकारची भाजी, कुणाची रात्रीची, कुणाची सकाळची, एका डब्यात घालून नागपूरच्या मेमध्ये रिंग रोड ओलांडेपर्यंत त्यातलं काय आंबलं ते हुंगूनही कळत नाही. वीसपैकी तीन पोरांना जुलाब लागले, तर तुमचं काम तिथेच संपेल आणि त्यांच्या आयांची मजुरी दवाखान्यात जाईल. बिस्किटांचे पुडे वाटायला सोपे आहेत, हे खरं. पण त्यात मैदा, साखर, तेल. पोट तासभर दबतं, अंगाला काही लागत नाही. मुलाला डाळ पाहिजे, दाणे पाहिजेत, अंडं पाहिजे.

पण उरलेल्याला मी नाही म्हणते ते नुसत्या जुलाबासाठी नाही. एक प्रसंग सांगते. एका मंडळाने उन्हाळ्यात मुलांना जेवण द्यायचं ठरवलं आणि मुलं जमवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. वर्गातली तीस मुलं घेऊन गेले. पत्रावळी मांडलेल्या होत्या, पण वाढायच्या आधी पाहुण्यांसोबत फोटो होता. मुलांना रिकाम्या पत्रावळी हातात धरून उभं केलं. फोटोवाला म्हणाला, जरा वर धरा. माझ्या वर्गातली एक मुलगी, अभ्यासात हुशार, प्रार्थना सांगणारी, तिने पत्रावळ खाली ठेवली आणि चालत घरी गेली. भर उन्हात. मी मागे धावले, तर म्हणाली, "मॅडम, मी शाळेत जेवते ना. इथं नको." मंडळाची चूक होती तशी माझीही होती, कुठे घेऊन चालले ते मी आधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर कित्येक दिवस मी विचार करत होते की शाळेत तीच मुलगी रोज हात धुऊन पहिल्या रांगेत बसते, दुसऱ्यांदा भात मागते, मग इथे काय बिघडलं?

शाळेत कुणी दाता नव्हता. सगळे एका ओळीत बसत, ज्याच्या बापाचं किराणा दुकान तोही आणि जिची आई भंगार वेचते तीही. ताट मागावं लागत नव्हतं, ते त्यांचं होतं. आणि वाढायच्या आधी आम्हा शिक्षकांपैकी एकीने ते खाऊन, चव नोंदवहीत लिहून सही करायची, असा नियम होता. आमच्यातल्या काहींना तो नियम कटकटीचा वाटे. मला तो आवडायचा. ज्या पातेल्यातून पोरांना वाढायचं, त्यातलंच आधी मॅडमने खायचं.

तुम्हाला माझा सगळा सल्ला खरं म्हणजे एवढाच आहे, ताई : शाळेत होतं तसंच करा. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, एक पंगत, एकच पातेलं आणि आठ जणींपैकी रोज किमान दोघींनी त्याच पंगतीत बसून जेवायचं. उभं राहून देखरेख नाही. मांडी घालून, त्यांच्यासारखंच. फोटो नाही, बॅनर नाही, कुणाचा वाढदिवस असेल तर गोड करा पण नाव पुकारू नका. आधार कार्ड विचारू नका. वहीत फक्त किती जेवले तो आकडा लिहा.

स्वयंपाक कोण करणार, यावरून बिल्डिंगमध्ये वाद होतो, मला माहीत आहे. माझ्या मते तुम्ही करू नका. वस्तीत विचारा, शाळेत खिचडी शिजवणारी किंवा वाढणारी बाई नक्की निघेल. त्या स्वयंपाकी आणि मदतनीस बायांना मानधन वर्षातले दहा महिनेच मिळतं. सुट्टीत पोरांचं ताट बंद, तसं यांचं मानधनही बंद. तिला रोजाने ठेवा, रोज रीतसर ठरवा, आठवड्याच्या आठवड्याला द्या. शंभर-शंभर पोरांचा भात उतरवणाऱ्या बाईला वीस म्हणजे काहीच नाही. किती मीठ, किती पाणी, कोणतं पोरगं तिखट खात नाही, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि वस्तीतल्या हाताचं जेवण बिल्डिंगमधल्या बायका शेजारी बसून जेवतात, हे पोरांना रोज दिसेल. त्याबद्दल कुणी काही बोलायची गरज पडणार नाही.

माप शाळेचंच धरा. लहान मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलाला याच्या दीडपट. वीस लहान मुलांचे दिवसाला २ किलो तांदूळ, ४०० ग्रॅम डाळ, १ किलो भाजी झाली. मेच्या सुरुवातीपासून शाळा उघडेपर्यंत, रविवार सोडून, साधारण ४४ दिवस भरतात. म्हणजे ८८ किलो तांदूळ, साडेसतरा किलोच्या थोडी वर म्हणजे धरा १८ किलो डाळ आणि तेलाची एक पाच लिटरची कॅन. आठ घरांत वाटलंत तर एका घराच्या वाट्याला ११ किलो तांदूळ आणि सव्वादोन किलो डाळ. हा हिशेब मिस्टरांसमोर ठेवा. ते "कुठवर पुरणार" म्हणाले ना, तर ते इथवर. यंदा तुम्ही उशिरा सुरू करताय, तेव्हा आणखी कमीच लागेल. मी मात्र डाळ शाळेच्या मापापेक्षा थोडी सढळ घालायला सांगेन, ४०० च्या जागी ६०० ग्रॅम. या पोरांना संध्याकाळी घरी बहुतेक नुसता भात मिळणार असतो.

किराणा इतवारीतून एकदम भरा, कांदे-आलू कळमन्यातून. वस्तीतल्या दुकानातून चिल्लर घेतलंत तर महाग पडेल. पण मीठ-मिरची, लिंबू, सांभार (कोथिंबीर) तिथूनच घ्या, त्या दुकानदाराचाही तुम्हाला आधार लागणार आहे. वीस-पंचवीस स्टीलची ताटं भांडे ओळीतून एकदाच घ्या. थर्माकोल नको, पत्रावळीही नको. जेवल्यावर आपलं ताट आपण घासायचं, तुम्हीसुद्धा.

काय शिजवायचं ते त्या बाईवर आणि पोरांवर सोडा, मी फक्त काही सुचवते. वरण-भात-लिंबू आठवड्यातून दोनदा चालतो. बरबटीची किंवा हरभऱ्याची उसळ, सोयावड्या घातलेला मसालेभात, कढीसोबत गोळाभात. गोळाभात मुद्दाम करा, त्यात डाळ भरपूर जाते आणि आपल्याकडची पोरं तो बोटं चाटून खातात. कोहळं पोरांना आवडतं, ढेमसं बहुतेक पानात राहतं. उन्हाळ्यात स्वस्त मिळतं म्हणून रोज ढेमसं करू नका. आठवड्यातून एक दिवस उकडलेलं अंडं, न खाणाऱ्याला केळं, शाळेत करायचे तसंच. पण आधी आयांना विचारून. हातात देण्यासारखं काही पाहिजेच असेल, तर बिस्किटाऐवजी भाजलेले फल्लीदाणे आणि गूळ. जेवणाआधी पेलाभर पन्हं किंवा ज्वारीची आंबील. दूध, दही, पनीर घरून नेऊ नका, टिकत नाही; मठ्ठा करायचा तर तिथेच घुसळून लगेच वाढायचा.

वेळ अकराची ठेवा. साडेनऊला चूल पेटली की अकराला गरम वाढता येतं आणि बाराच्या आत पोरं सावलीत परततात. दुपारी एकची पंगत ठेवलीत तर त्यांना भर उन्हात चालवाल. शिजलेलं दोन तासांत संपलं पाहिजे. राहिलं तर तिथल्याच मोठ्या माणसांना वाढा, संध्याकाळसाठी झाकून ठेवू नका. पाण्याला दोन माठ, वरून ओतायला लांब दांड्याचा ओगराळा, आणि हात धुवायला साबण. साबण विसरतो आपण नेहमी.

जागेसाठी वस्तीतलं विहार किंवा समाजमंदिर विचारा, नाही म्हणणार नाहीत. आपल्या शहराला जेवू घालणं शिकवावं लागत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि रस्तोरस्ती भोजनदान चालतं. बुद्ध पौर्णिमेला, म्हणजे याच मे महिन्यात, चौकाचौकांत खीर वाटली जाते. रामनवमी, हनुमान जयंती, गजानन महाराजांचा प्रकट दिन, ताजबागचा लंगर. एवढी मोठी पातेली, एवढे वाढणारे हात या शहरात आहेत. मला नेहमी वाटतं की हे सगळं एकेका दिवसापुरतं होतं आणि पोरांना रोज भूक लागते. तुमच्या वस्तीतल्या मंडळाकडे पातेली, शेगडी, चटया नक्की असतील आणि बुद्ध पौर्णिमेनंतर त्या नुसत्या पडून असतील. मागून आणा.

वीस म्हणालात, पण पंचवीस येतील. कडेवर भावंडं घेऊन येतील. त्यांना परत पाठवू नका, पहिल्या दिवसापासून चार ताटं जास्तीची धरा.

सरकारचं विचारलंत, तर आहे, पण त्यातलं तुमच्या मुलांच्या वयाला थेट लागू पडणारं थोडं आहे. सहा वर्षांखालच्या भावंडांसाठी अंगणवाडी आहे आणि ती शाळेसोबत बंद होत नाही. तिथे वर्षाला ३०० दिवस पूरक आहार द्यायचा असतो. वस्तीतल्या कोणत्या लहानग्याचं नाव अंगणवाडीत नाही, ते विचारून घाला. एखादं फारच वाळलेलं दिसलं तर सेविकाताईंना दंडाची पट्टी लावायला सांगा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते मूल पंगतीने बरं होणार नाही, त्याला डॉक्टरच लागतो.

दुसरं रेशन. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळतं, अंत्योदयच्या कार्डावर घराला ३५ किलो. गडबड अशी होते की कार्डावर आई-बापाचं नाव असतं, नंतर झालेल्या पोरांचं नसतं. दोन पोरांचे दहा किलो दर महिन्याला असेच जातात. तुमच्या बाईला कार्ड आणायला सांगा आणि पोरांची नावं आहेत का पाहा, ई-केवायसी झाली आहे का पाहा. राहिली असेल तर तुमच्यापैकी कुणीतरी तिच्यासोबत पुरवठा कार्यालयात जा. ती एकटी गेली तर तिचा रोज बुडतो आणि तिला उद्या या म्हणतात. छत्तीसगड किंवा मध्य प्रदेशातून आलेलं कुटुंब असेल, तर त्यांच्या गावच्या कार्डावर इथल्या दुकानातही धान्य मिळतं. हे पुष्कळांना माहीतच नसतं.

आणि सुट्टीत ताट चालू ठेवणं सरकारला अगदी नवं नाही. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळांत शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला, आणि २० एप्रिल २००४ च्या आदेशात दुष्काळी भागांत ते उन्हाळी सुट्टीतही द्या असं सांगितलं. २०२० च्या टाळेबंदीत केंद्राने उन्हाळी सुट्टीतल्या पोषण आहारालाही मंजुरी दिली होती. म्हणजे इच्छा असली तर होतं. तुम्ही आठ जणी एक पानी निवेदन लिहा, शहरात शाळा दीड-पावणेदोन महिने बंद असतात तेव्हा वस्तीतल्या मुलांचं ताट चालू ठेवा म्हणून, आणि नगरसेवकाला, शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पोच घ्या. यंदा काही होणार नाही बहुधा. फेब्रुवारीत पुन्हा द्या, तेव्हा पुढच्या उन्हाळ्याची आखणी व्हायची असते.

"सवय लागेल" याचं काय सांगायचं तुमच्या मिस्टरांना? रागाने बोलू नका, बहुतेक भल्या माणसांच्या मनात ही शंका येते. त्यांना एवढंच विचारा की स्वतःच्या नातवंडांना दुपारी जेवायला वाढताना ही भीती वाटते का. दुपारी जेवायची सवय मुलांना लागलेलीच आहे, शाळेने लावली आहे, आणि ती चांगली सवय आहे. शक्य झालं तर त्यांना एक दिवस पंगतीत घेऊन या. बोलण्यापेक्षा त्याने लवकर काम होईल.

थांबायचं कधी, तेही आत्ताच ठरवा आणि पोरांना पहिल्याच दिवशी सांगा : शाळा उघडेपर्यंत. मधेच कंटाळून पंधरा दिवसांनी बंद करणार असाल, तर सुरूच करू नका. त्यापेक्षा दहाच मुलं घ्या पण शाळा उघडेपर्यंत करा. आठ जणींच्या पाळ्या कागदावर लिहा, लग्नसराई आणि माहेरी जाणं धरून. शाळा उघडेल त्या दिवशी दोघींनी सकाळी वस्तीत जाऊन सगळी शाळेत गेली का ते पाहा. तेंदूपत्त्याला गेलेल्या आई-बापांची पोरं त्या दिवशी हमखास मागे राहतात.

पण हे सगळं जमायला तुम्हाला चार-पाच दिवस लागतील, आणि ती दोन पोरं उद्या सकाळी पुन्हा तुमच्या पार्किंगमध्ये येतील. उद्या भात थोडा जास्त टाका. आईला विचारा, आणि खिडकीतून नका पाहू, खाली जा.

वस्तीतली पहिली पंगत कधी बसते ते कळवा. मी महाल भागात राहते, मानेवाड्याला अर्ध्या तासात पोचते. अकराच्या आत येईन, वाढायला आणि जेवायला.